पदवीचे कर्ज आणि अहवालाचे सत्य

वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्राच्या पदवीसाठी कर्ज काढावे की नाही, हा प्रश्न बहुधा आकड्यांचा मानला जातो. एका बाजूला फी, वसतिगृह, खानावळ आणि व्याज, दुसऱ्या बाजूला पुढे मिळणारा पगार, आणि वजाबाकी करून जे उरेल ते उत्तर. ही वजाबाकी केलीच पाहिजे. पण ते कर्ज नेमके कोणाचे, ते कशाने फिटते आणि ते डोक्यावर असताना माणसाला आपले काम सचोटीने करता येते का, याचा विचार त्या वजाबाकीत होत नाही. हे धर्मविचाराचे प्रश्न आहेत. भारतीय परंपरेने बँका निर्माण होण्याच्या कितीतरी शतके आधी ते हाताळले, आणि आजच्या विद्यार्थ्याला त्यातून नेमकी दिशा मिळू शकते.

महाराष्ट्रात या शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. पदविका करता येते. बारावीनंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी अभ्यासक्रम आहे, त्यात तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता असते. खासगी विद्यापीठांत बी.एम.एल.टी.सारख्या पदव्या मिळतात, आणि तिथेच फीचा आकडा सर्वांत झपाट्याने चढतो. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख आणि नोंदणीची चौकट दिली. तोवर हे काम करणाऱ्यांची देशपातळीवर कायदेशीर व्याख्यासुद्धा नव्हती.

आधी हिशेब. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. त्याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. या काळात सरळव्याज मात्र साचत राहते. समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. पाचवे वर्ष संपेपर्यंत १,४०,००० रुपये व्याज साचते आणि परतफेड ५,४०,००० रुपयांवर सुरू होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये बसतो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर तो सुमारे ५,८०० वर उतरतो, पण बँकेकडे गेलेली एकूण रक्कम साडेआठ लाखांवरून साधारण साडेदहा लाखांवर जाते.

कमाईची बाजू दुभंगलेली आहे. सरकारी रुग्णालयांतील तंत्रज्ञांची अनेक पदे सातव्या वेतन आयोगाच्या ३५,४०० रुपये मूळ वेतनाच्या श्रेणीत येतात. भत्ते धरून हा पगार वर दाखवलेला हप्ता सहज पेलतो. पण या जागा थोड्या, भरती अनियमित आणि परीक्षेला बसणारे हजारो. तालुक्याच्या गावातल्या किंवा शहराच्या उपनगरातल्या खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार पुष्कळदा याच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि तिथे पदवीवाला आणि पदविकावाला एकाच टेबलावर, जवळपास सारख्याच पगारावर काम करताना दिसतात. म्हणजे पदवीचा जादा खर्च ज्या नोकऱ्यांत वसूल होतो त्या नोकऱ्या बहुतेकांना लगेच मिळत नाहीत. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या तरुणीच्या हातून ७,१३६ रुपये गेले, तर जवळजवळ अर्धा पगार गेला. आयकर कायद्याचे कलम ८०ई शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट देते, पण पंधरा हजार पगाराला आयकरच लागत नाही. त्यामुळे ज्याला सवलतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा केंद्राची व्याजसवलत योजना खरी कामाची आहे. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जाचे मोरॅटोरियममधले व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणात १,४०,००० रुपये नाहीसे होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ५,२८६ वर येतो. प्रवेश घेण्यापूर्वी आपली संस्था या योजनेत बसते का, हे विचारणे फी विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

असा जमाखर्च मांडणे म्हणजे विद्येचा बाजार मांडणे, असा आक्षेप घेतला जातो. तो चुकीचा आहे. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, आणि गृहस्थाने उत्पन्नाच्या आवाक्यात राहावे ही शिकवण धर्मशास्त्रांत आणि बौद्ध ग्रंथांतही आहे. पाली अंगुत्तरनिकायात बुद्ध अनाथपिंडिक या व्यापारी उपासकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात. ती म्हणजे संपत्ती असणे, ती भोगणे, कोणाचेही देणे नसणे आणि आचरण निर्दोष असणे. कर्जमुक्ती आणि निर्दोषता इथे शेजारी बसलेल्या आहेत, आणि शेवटच्या सुखापुढे आधीची तिन्ही सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत असे बुद्ध म्हणतात. प्रयोगशाळेत या शेवटच्या दोन सुखांचे नाते फार जवळचे आहे.

वैदिक परंपरेत कर्जाची कल्पना पैशाच्या पलीकडची आहे. तैत्तिरीय संहितेप्रमाणे ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण येते, ते माणसांचे, आणि ते आतिथ्याने फिटते. पहिली तीन ऋणे फेडल्याशिवाय मोक्षाकडे मन लावू नये, असे मनुस्मृती सांगते. या विचारात अध्ययन हेच ऋण फेडण्याचे साधन आहे. शिकणारा कर्ज वाढवत नसतो, फेडत असतो. आजच्या व्यवस्थेत त्याच कृतीने कर्ज सुरू होते, आणि ही उलथापालथ वाटते तेवढी किरकोळ नाही.

गुरुदक्षिणेच्या नियमांत तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. मनुस्मृतीप्रमाणे शिष्याने अध्ययन संपण्याआधी गुरूला काही देऊ नये. संपल्यावर आपल्या शक्तीप्रमाणे शेत, सोने, गाय, छत्री, जोडे किंवा अगदी भाजीसुद्धा द्यावी. ठरावीक वेतन घेऊन शिकवणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीत बसवू नये, इतका कडकपणा त्याच ग्रंथात आहे. देणे शेवटी होते, ऐपतीनुसार होते, आणि ज्याने विद्या दिली त्यालाच मिळत होते. या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. विद्येचे दार जन्मावरून उघडत किंवा बंद होत होते, आणि एकलव्याच्या कथेत ज्या गुरूने शिकवलेच नाही त्याने अंगठा मागून घेतला. दक्षिणा ऐपतीनुसार असावी हा नियम खरा, पण ऐपत ठरवण्याचा अधिकार शिष्याकडे नेहमीच नव्हता.

कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गातली कौत्साची कथा या प्रश्नाला थेट भिडते. वरतंतू गुरूंना शिष्याची सेवा हीच दक्षिणा वाटत होती. कौत्स हट्टाला पेटला तेव्हा ते रागावले आणि चौदा विद्यांसाठी चौदा कोटी मागून बसले. कौत्स रघुराजाकडे गेला तेव्हा राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले होते आणि अर्घ्यासाठी मातीचे पात्र उरले होते. राजाने त्याला रिक्त हाताने जाऊ दिले नाही. कुबेरावर चालून जाण्याची तयारी केली आणि पहाटे कोशागारात सोन्याची वृष्टी झालेली आढळली. राजा सगळे देऊ पाहत होता, कौत्स गुरूच्या देण्यापेक्षा कवडीही जास्त घ्यायला तयार नव्हता. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा सांगाडा विचार करण्यासारखा आहे. विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे शिक्षणाचे देणे हा राजाच्या धर्माचा प्रश्न होतो, आणि विद्यार्थी त्या आधाराचा फायदा उकळत नाही. समाजाचा वाटा आणि विद्यार्थ्याचा संयम, दोन्ही एकाच प्रसंगात आहेत.

कर्ज कोणी फेडायचे याविषयी धर्मशास्त्राचा नियम होता की बापाचे कर्ज मुलाने फेडावे. ब्रिटिश काळात तो हिंदू कायद्यात मुलाचे धार्मिक कर्तव्य म्हणून टिकला आणि २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरता संपला. शैक्षणिक कर्जात प्रवाह उलटा आहे. मुलीच्या शिक्षणासाठी शेतकरी किंवा शिपाई बाप सहकर्जदार होतो आणि हप्ता थकला तर बँकेचे पत्र त्याच्या नावाने येते. याची जाणीव विद्यार्थ्याला सर्वांत आधी असायला हवी, कारण स्वतःच्या भविष्यावर घेतलेली जोखीम इथे म्हाताऱ्या माणसाच्या गाठीवरही पडते. परंपरेने सावकारालाही मर्यादा घातली होती. दामदुपटीच्या नियमाने थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदूंच्या व्यवहारात तो नियम मानला. कर्ज अनंत वाढू नये, ही भूमिका त्यामागे होती.

आता मूळ मुद्दा. प्रयोगशाळा तंत्रज्ञ जे निर्माण करतो ते म्हणजे एक आकडा, आणि तो खरा असणे एवढीच त्याची किंमत. रुग्णाच्या शरीरात काय चालले आहे हे डॉक्टरला त्या आकड्यातूनच कळते. हा खरेपणा यंत्र आपोआप देत नाही. रक्त काढताना ओढाताण झाली किंवा नळी जोरात हलवली गेली तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम सीरममध्ये उतरते. यंत्र वाढलेला आकडा दाखवते आणि तो रुग्णाचा नसतो. जांभळ्या बुचाच्या नळीतले ईडीटीए मिसळलेले रक्त दुसऱ्या नळीत ओतले गेले तर पोटॅशियम भरमसाट चढते आणि कॅल्शियम पडते. असा अहवाल खरा मानून उपचार झाले तर ते धोक्याचे ठरू शकतात. रक्तपेढीतून चुकीच्या गटाची पिशवी गेली तर माणूस दगावू शकतो. म्हणून या कामातली सर्वांत महत्त्वाची कृती नकाराची आहे. नमुना खराब आहे, पुन्हा घ्या. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला तपासणी नमुना, मर्यादेबाहेर गेले आहे, आज अहवाल सोडता येणार नाही. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली रोजच्या कंट्रोलचा आलेख मांडला आणि वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये तो आलेख वाचण्याचे नियम दिले. त्यांच्या पद्धतीचा सारा उद्देश हा नकार कधी द्यायचा ते ठरवणे हाच आहे.

नकाराला पैसे लागतात. कंट्रोलच्या बाटल्या महाग असतात, चाचणी पुन्हा लावली की रिएजंट दुप्पट जाते, रुग्णाला परत बोलावले की गिऱ्हाईक तुटते. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला कट द्यावा लागत असेल तर लॅबच्या हाती आणखी कमी उरते, आणि कात्री पहिल्यांदा कंट्रोलवर, मग पगारावर चालते. कंट्रोल आठवड्यातून एकदाच लावणे, मुदत उलटलेले रिएजंट चालवणे, आणि सर्वांत हीन म्हणजे नमुना बेसिनमध्ये ओतून अंदाजाने आकडे भरणे, हे सारे याच दबावातून येते. मालकाने असे काही करायला सांगितले आणि तंत्रज्ञाने नाही म्हटले, तर दुसऱ्या दिवशी नोकरी असेल याची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही असली पाहिजे. रुग्णाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण सही दुसऱ्याची असली तरी नळी हातात धरणारा आणि आलेख पाहणारा माणूस तंत्रज्ञच असतो, आणि खोटे पहिल्यांदा त्याच्याच डोळ्यांपुढे घडते.

इथे कर्जाचा नैतिक अर्थ उघड होतो. ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरायचा आहे आणि ज्याच्या हप्त्याखाली वडिलांचे नाव आहे, त्याच्यासाठी नोकरी सोडणे जवळजवळ अशक्य होते. त्याची सचोटी कमी नसते, पण तिला उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून या पदवीच्या कर्जाची मर्यादा केवळ पगाराच्या टक्केवारीने ठरवणे अपुरे आहे. योग्य कसोटी अशी की खराब लॅब सोडून सहा महिने दुसरी नोकरी शोधावी लागली तरी हप्ता थकता कामा नये. ही कसोटी लावताना सरकारी वेतनश्रेणी मनात धरू नये. पहिल्या दोन वर्षांत बहुधा मिळेल तो खासगी पगार धरावा आणि त्यातून जेवणखोली वजा करून जे शिल्लक पडते त्यावर हप्ता तोलावा. वरच्या उदाहरणातला ७,१३६ रुपयांचा हप्ता पंधरा हजारांच्या पगारावर या कसोटीला उतरत नाही, ५,२८६ रुपयांचा घरचा आधार असेल तर कसाबसा उतरतो. मुदत पंधरा वर्षांवर नेऊन हप्ता हलका करता येतो, पण नोकरी सोडण्याची भीतीही मग पंधरा वर्षे टिकते. जिथे फी इतकी आहे की कर्ज कोणत्याच बेताने या कसोटीला उतरत नाही, तिथे सरकारी महाविद्यालयासाठी एक वर्ष थांबणे किंवा बी.एस्सी. करून पदविकेच्या वाटेने जाणे अधिक शहाणपणाचे. पदवी नंतरही घेता येते. वाकलेल्या अहवालातून दुसऱ्याच्या शरीराला झालेली इजा मात्र परत घेता येत नाही.

परतफेडीची जागा समाजाने दिली नाही तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी इतिहासातच आहे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा होता की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला हजर झाले. कचेरीत कागद दुरून टाकले जात, गावात राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलले गेले, आणि अखेर त्यांना मुंबईला परतावे लागले. ऋणकोची तयारी पूर्ण होती. परतफेडीची दारे समाजानेच बंद केली. पुढे लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला त्यांनी शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी यांचा आधार घेतला. शैक्षणिक कर्जाचा करार गृहीत धरतो की शिकलेल्याला त्याच्या विद्येचे काम मिळेल. ते गृहीतक जात, लिंग किंवा गाव यांमुळे खोटे ठरत असेल तर थकबाकीचा सगळा दोष कर्जदाराच्या माथी मारणे अन्याय आहे.

माफीचा विचारही परंपरांत आहे, पण तो बहुधा धनकोचे कर्तव्य म्हणून केलेला आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, आणि त्यातली आपल्याच वाट्याची बुडवली, भाऊ कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली, असे चरित्रपरंपरा सांगते. दुसऱ्याच्या हक्काचे येणे आपल्या वैराग्याखातर सोडता येत नाही, ही बारीक जाण त्यात आहे. बायबलच्या अनुवाद या ग्रंथात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम येतो. कुराण व्याज निषिद्ध ठरवते, अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यायला सांगते आणि जकातीच्या हक्कदारांत कर्जबाजाऱ्यांना धरते. श्रद्धावान मुस्लिम विद्यार्थ्यापुढे बँकेचे कर्ज हा म्हणूनच केवळ परवडण्याचा प्रश्न नसतो, आणि शिष्यवृत्ती किंवा बिनव्याजी समाजनिधी यांना त्याच्यासाठी वेगळे महत्त्व असते.

अमेरिकेत याच पदवीसाठी कर्ज घेणारे असंख्य आहेत. तिथे दिवाळखोरीतसुद्धा शैक्षणिक कर्ज सहज सुटत नाही. १९७६ पासून कायदा कडक होत गेला आणि १९९८ नंतर असह्य हाल सिद्ध केल्याशिवाय संघराज्याच्या शैक्षणिक कर्जातून सुटका राहिली नाही. मात्र २००७ च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात काम करत १२० हप्ते भरणाऱ्याचे उरलेले संघीय कर्ज माफ होते. प्रयोगशाळेतले बरेच तंत्रज्ञ अशा रुग्णालयांतच काम करतात, त्यामुळे लोकांची सेवा हीच तिथे परतफेडीचा भाग होते. हे तत्त्व कौत्साच्या कथेतल्या राजाच्या कर्तव्याजवळ जाते.

महाराष्ट्रात असे काही करायचे तर जागा ठरलेल्याच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत थुंकीची आणि मलेरियाची स्लाइड वाचणारा प्रशिक्षित माणूस लागतो, ग्रामीण रुग्णालयांत रात्री रक्त देण्याआधीची जुळणी (क्रॉसमॅच) करणारा लागतो. पदवीधराने तिथे पाच वर्षे काम केले तर त्याचे उरलेले कर्ज सरकारने उचलावे, हा सौदा दोन्ही बाजूंना न्याय देणारा आहे. पण तो बडोद्याच्या करारासारखा एकतर्फी असू नये. त्या जागी राहायला घर, चालू यंत्र, वेळेवर येणारे रिएजंट आणि खराब नमुना नाकारण्याचा लेखी अधिकार हे सरकारचे देणे त्याच करारात लिहिलेले असले पाहिजे, आणि सरकारने ते चुकवले तर तंत्रज्ञाची सेवेची अट त्या काळापुरती पूर्ण झाली असे धरले पाहिजे.